जुन्या गाडीचं स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी जालना, परभणी, धाराशिवच्या रस्त्यांवर ती रोज दिसते. जुनी अल्टो, वॅगन आर, इंडिका, बोलेरो, सुमोही तशाच कामाला जुंपलेल्या आहेत. या गाड्यांचं स्टिअरिंग किंवा गिअर बिघडला की बऱ्याचदा आधी महागडा भाग उघडला जातो आणि खरा दोष शंभर-दोनशे रुपयांच्या बुशात, म्हणजे सांध्यातल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळीत, सापडतो. म्हणून खालच्या उत्तरांत आधी तपासणी आहे, पाना नंतर. गाडीखाली शिरण्याआधी मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा आणि जॅकसोबत पक्की घोडी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

स्टिअरिंग सैल लागतंय. रॅक गेला का?

रॅकचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या दातेरी दांड्याचा, नंबर शेवटी लागतो. आधी प्ले, म्हणजे चाक हलण्याआधी स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते, मोजा. चाकं सरळ करून गाडी सपाट जागी उभी करा. स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा आणि पुढचं चाक हलू लागेपर्यंत स्टिअरिंग दोन बोटांनी डावीउजवीकडे फिरवा. हायड्रोलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून मोजा. मारुतीच्या छोट्या गाड्यांत कडेवर ० ते ३० मिमी प्ले चालतो. त्याहून जास्त असेल तर शोध सुरू करायचा.

शोधाची सोपी रीत अशी: एकानं आत बसून स्टिअरिंग सतत थोडं थोडं हलवायचं. दुसऱ्यानं वरून खाली एकेका सांध्यावर हात ठेवत जायचं. कॉलमच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या, खालचा क्रॉस (वळणारा सांधा), त्याचा बोल्ट, रॅक ज्या क्लॅम्पनं बॉडीला धरलेला असतो ते रबर बुश, रॅकच्या रबरी बुटाच्या आतला जोड आणि शेवटी टायरॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक, या क्रमानं. हालचाल ज्या सांध्यात शिरते पण पलीकडे निघत नाही, तिथं झीज आहे. आतला जोड बूट काढल्याशिवाय दिसत नाही, पण बूट चिमटीत धरून बसलं की खट्ट बोटांना जाणवते.

बऱ्याच गाड्यांत दोष कॉलमच्या क्रॉसचा बोल्ट ढिला होण्यात किंवा रॅकचं क्लॅम्प रबर चेपण्यात निघतो. दोन्ही कामं तासाभराची आहेत. रॅकला खालून एक समायोजनाचा स्क्रू असतो आणि तो आवळून प्ले घालवायचा मोह अनेकांना होतो. टायरॉड झिजलेला असताना हा स्क्रू आवळला तर प्ले तसाच राहतो, वर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावरच त्याला हात लावा. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा फिरवायचा आणि दर वेळी गाडी चालवून बघायची.

टायरॉड, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग यातलं नेमकं काय गेलंय, हे कसं ओळखायचं?

चाक जमिनीपासून वर घ्या. घड्याळाच्या तीन आणि नऊवर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना हात धरून आतबाहेर हलवा. इथं खटखट असेल तर संशय टायरॉडवर. मग बारा आणि सहावर, म्हणजे वर आणि खाली धरून हलवा. इथं प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. या दोघांतला फरक ब्रेक सांगतो. आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

लोअर आर्मच्या बॉल जॉइंटसाठी आणखी एक खात्री करून घ्या. आर्म आणि नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी सळई) घालून हळूच वर उचकटा आणि सांध्याकडे बघा. चांगला जॉइंट जागचा हलत नाही. त्याचं रबर फाटलेलं असेल आणि आत ग्रीसऐवजी मातीचा लगदा असेल, तर आज प्ले नसला तरी तो बदलायचा. बॉल जॉइंट निसटला की चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडतं आणि स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही. स्वस्त नकली माल या एका भागात तरी घेऊ नका.

टायरॉड एंड घरी बदलता येतो का?

येतो, फक्त अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी लागते. जुना काढण्याआधी लॉकनटाच्या जागी रंगाची खूण करा आणि एंड सोडवताना किती फेरे फिरले ते मोजा. नवीन तितक्याच फेऱ्यांत बसवा, म्हणजे अलाइनमेंटवाल्याकडे पोचेपर्यंत गाडी सरळ चालेल. नकलमधून एंड सुटत नसेल तर त्याच्या दांड्यावर हातोडा मारू नका. नकलच्या डोळ्यावर बाजूनं दोन ठोके दिले की तो सुटतो. कॅसल नट असेल तर त्याची पिन नवीनच घाला.

गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट दोनदा झाली तरी तसंच. का?

कारण दोष अलाइनमेंटचा नाही. आधी गार टायरमध्ये दोन्ही बाजूंची हवा सारखी करा. मग पुढची दोन्ही चाकं एकमेकांत बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायरच्या आतल्या तारा सरकल्या आहेत, टायर बदलल्याशिवाय ती जाणार नाही. ओढ तिथंच राहिली तर दहाएक किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारत गाडी चालवा आणि थांबून रिमजवळ हात न्या. एका बाजूचा रिम दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर कॅलिपरची पिन अडकली आहे किंवा ब्रेकची नळी आतून फुगली आहे. हेही नसेल तर लोअर आर्मचे बुश आणि वाकलेला आर्म बघा. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यावर ओढ सुरू झाली असेल, तर तपासणी आर्मपासूनच सुरू करा.

रस्ताही लक्षात घ्या. पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूनं चालणारी गाडी डावीकडे किंचित झुकणारच. खात्री रिकाम्या सपाट मैदानात करा.

ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. पावसाळ्यात जास्त. काय करावं?

आधी रिम आतून धुवा. मराठवाड्याच्या काळ्या मातीत हा दोष इतका सर्रास आहे की बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी हे करायलाच हवं. शेतातून किंवा पाणंदीतून आलेली गाडी रात्रभर उभी राहिली की रिमच्या आतल्या घळीत बसलेला चिखल खाली ओघळतो आणि तिथंच वाळतो. सकाळी त्याची वीटेसारखी कडक पोळी झालेली असते, एकाच बाजूला. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. आतल्या कडेवर बोट फिरवलं की पोळीची धार हाताला लागते. बॅलन्सिंगला लावलेली शिशाची वजनं काही ग्रॅमची असतात, मग एवढ्या मातीनं चाक डळमळणारच. ओली असतानाच पाण्याच्या जोरदार धारेनं काढा. वाळली असेल तर लाकडी पट्टीनं खरवडा.

धुऊनही थरथर राहिली तर ती कधी येते त्यावरून ओळखा. ८० ते १०० च्या दरम्यान येते आणि पुढं कमी होते, तर बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारताना येते, तर डिस्क वेडीवाकडी झिजली आहे. ३०-४० लाच स्टिअरिंग डावंउजवं डुलतं, तर टायरला फुगा आलाय किंवा रिम वाकलाय. फक्त ॲक्सिलरेटर दाबला की येते आणि सोडला की जाते, तर ॲक्सलचा आतला जॉइंट.

जिप्सीची पुढची चाकं खड्ड्यानंतर नाचतात. डँपर बदलला तरी फरक नाही.

अखंड ॲक्सल आणि पाटे असलेल्या गाडीत डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के शोषणारा भाग, फक्त लक्षण दाबतो. किंगपिनची (ज्या खिळीवर चाक वळतं तिची) बेअरिंगं, ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड, पाट्याचे शॅकल बुश आणि स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट या क्रमानं तपासा. किंगपिनचे शिम (पातळ चकत्या) काढून बेअरिंगला योग्य ताण दिला की बहुतेक नाच थांबतो.

पॉवर स्टिअरिंग अचानक जड झालं.

इलेक्ट्रिक असेल तर आधी बॅटरीकडे बघा. व्होल्टेज पडलं की मदत सगळ्यात आधी कमी होते. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं काढा, इंजिनपासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी उघडून घासा, मोठा फ्यूज बघा. एवढं झाल्यावरही डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा दिवा पेटलेला राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. कोड न वाचता कॉलम बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका, कारण जुन्या गाडीसाठी तो सगळ्यात महाग भाग आहे.

हायड्रोलिक असेल तर डबीतलं तेल, बेल्टचा ताण आणि गळती बघा. तेलाला फेस आलेला असेल आणि फिरवताना घूं घूं आवाज येत असेल, तर पंप हवा खेचतोय. बहुधा डबीकडून पंपाकडे येणाऱ्या जाड नळीची क्लिप सैल असते. रॅकचा रबरी बूट दाबून बघा. आत तेल डचमळत असेल तर रॅकचं सील गेलं. स्टिअरिंग पूर्ण टोकापर्यंत नेऊन काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तिथं सर्वात जास्त दाबावर तापतो.

पॉवर नसलेल्या गाडीत जडपणा हवेच्या दाबात, स्ट्रटच्या वरच्या सुकलेल्या बेअरिंगमध्ये किंवा गंजलेल्या कॉलम क्रॉसमध्ये असतो. स्ट्रटच्या स्प्रिंगवर हात ठेवा आणि स्टिअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून मग टणकन उडी मारत असेल, तर वरचं बेअरिंग गेलं.

पूर्ण वळवल्यावर पुढून टक्-टक्-टक् येतं.

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ॲक्सलचा चाकाजवळचा वळणारा सांधा. मोकळ्या मैदानात पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून हळू गोल फिरा. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या जॉइंटवर ताण जास्त येतो, त्यामुळे ज्या दिशेला आवाज वाढेल तिच्या उलट बाजूचा जॉइंट आधी तपासा.

खरी गोष्ट जॉइंटवरच्या रबरी बुटाची आहे. उन्हाळ्यात बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत रबर सुकतं, घड्यांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात काळ्या मातीचं पाणी आत जातं. ग्रीस आणि बारीक माती मिळून सँडपेपरासारखा लगदा होतो. दर मेअखेरीला चाकं पूर्ण वळवून टॉर्चच्या उजेडात घड्या पसरून बघा. भेग दिसली आणि जॉइंट अजून गप्प असेल, तर नुसता बूट आणि मोलिब्डेनमचं नवीन ग्रीस घालून जॉइंट वाचतो. टक्-टक् सुरू झाल्यावर नवीन बूट घालणं म्हणजे पैसे वाया.

इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, बंद केलं की लोण्यासारखा पडतो.

गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्रर्र झालं तर क्लच ओढतोय. वायरच्या क्लचमध्ये पेडलचा मोकळा प्ले बघा. छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिमी असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. प्ले जास्त असेल तर नट फिरवून कमी करा. वायरच्या टोकाला तारा सुटलेल्या असतील तर समायोजन करत बसू नका, वायर बदला. ती तुटते तेव्हा औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर तुटते, कारण तिथंच पेडल सारखं दाबावं लागतं.

हायड्रोलिक क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल, तर आत हवा आहे किंवा सिलिंडर आतून गळतोय. गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर उचला. खाली ओलं असेल तर उत्तर मिळालं.

इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असेल तर मात्र लिव्हरपासून बॉक्सपर्यंतच्या रॉडचे प्लास्टिक बुश, वायर आणि सांधे बघा. उरलेला संशय तेलावर.

चढाला इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही.

क्लच घसरतोय. सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढा, समोर मोकळी जागा ठेवा, तिसरा गिअर टाका, इंजिन २,००० फेऱ्यांवर न्या आणि क्लच नेहमीच्या गतीनं सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडतेय. चालूच राहिलं तर प्लेट गेली. ही परीक्षा एकदाच, दोन सेकंदांची. पुन्हापुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

बॉक्स उतरवण्याआधी पेडलचा मोकळा प्ले शून्य तर नाही ना, हे बघा. वायर जास्त ताणली असेल तर प्लेट चांगली असूनही घसरते. बॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. क्रँकचं मागचं ऑइल सीलही तेव्हाच. सीलची किंमत थोडी, मजुरी मात्र पूर्ण बॉक्स उतरवण्याची, आणि गळणारं सील ठेवलं तर नवीन प्लेट तेलात भिजून पुन्हा तेच.

गिअरबॉक्समधून आवाज येतो. बेअरिंग कुठलं?

कान आणि क्लच पेडल एवढ्यावर बरंच कळतं. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, पाय काढल्यावर घुर्रर्र येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट पेडल दाबलं की सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारा आणि न्यूट्रल टाकूनही न थांबणारा घूं आवाज व्हील बेअरिंगचा किंवा डिफरन्शियलचा. रिकाम्या रस्त्यावर हळूच डावीकडे झोल द्या. आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, कारण वजन तिकडे गेलं. फक्त एकाच गिअरमध्ये येणारा आवाज त्या गिअरच्या दात्यांचा असतो.

बोलेरो-सुमोत पुढून रिव्हर्स आणि रिव्हर्समधून पुढं जाताना खालून 'ठक्क' होत असेल, तर प्रॉपलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे, क्रॉस हातानं पिळून बघा. क्रॉसच्या कपांभोवती लालसर गंजाची पूड दिसली तर आतल्या सुया सुकल्या आहेत. ग्रीस निपल असेल तर धूळ-चिखलात चालणाऱ्या गाडीला दर ५,००० किलोमीटरला ग्रीस द्या.

गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो.

आधी इंजिन-गिअरबॉक्सचे रबर माउंट बघा. ब्रेक पूर्ण दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते बघावं. गाडीच्या समोर कुणी उभं राहू नये. इंजिन इंचभर उडत असेल तर माउंट फाटलंय, आणि तेच गिअरचा रॉड ओढून काढतंय. माउंट आणि बुश ठीक असूनही एकच गिअर सुटत असेल, तर त्या गिअरचे लॉकिंग दाते गोल झालेत किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय. तेव्हा मात्र बॉक्स उघडावाच लागतो.

गिअर ऑइल कुठलं आणि किती?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं तेल लागतं आणि साधारण दोन लिटरच्या आसपास मावतं. दुकानदार 'जीएल-५ वरचं आहे, चांगलं आहे' म्हणून देतो. ते घेऊ नका. जीएल-५ मधल्या गंधक-फॉस्फरसच्या जास्त मात्रेनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या, पितळी रिंगा खराब होऊ शकतात. तेच जीएल-५ मागच्या डिफरन्शियलला मात्र हवंच, कारण तिथले हायपॉइड दाते एकमेकांवर घासत फिरतात.

तेल काढताना आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून बसलात, तर गाडी जागेवरच अडकते. निचऱ्याच्या बोल्टचं चुंबक बोटानं पुसा. राखाडी मलमासारखा बारीक थर ठीक आहे. सुईसारखे तुकडे म्हणजे दाते किंवा बेअरिंग. काढलेल्या तेलात सोनेरी चकाकी म्हणजे सिंक्रो रिंगा. सपाट जागी, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल भरा.

ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली. गिअरबॉक्सला काही होतं का?

पाणी हबच्या वर असेल तर होतं. तापलेला बॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी गाडी गार असताना भरायचा बोल्ट काढून बोट बुडवा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर लगेच बदला, पन्नासएक किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला. बोलेरोसारख्या गाडीत मागच्या डिफरन्शियलचा ब्रीदर मातीनं बुजलेला असतो, तो तारेनं मोकळा करा. बुजलेल्या ब्रीदरमुळे दाब वाढून ॲक्सलची सील गळतात आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जातं.

खाली तेलाचे डाग पडतात. कशाचे?

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर लिहून ठेवा. काळं म्हणजे इंजिन ऑइल. पिवळसर-तपकिरी आणि गंधकाचा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल. लाल म्हणजे पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिकचं तेल. पाण्यासारखं पातळ आणि बोटांत निसरडं, रंग उडवणारं म्हणजे ब्रेक किंवा क्लचचं.

एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी धक्के देते. तिचीही तपासणी अशीच?

बरीचशी. एएमटीत आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त त्या मोटर किंवा हायड्रोलिकनं चालतात. त्यामुळे घाटात ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की प्लेट जळते. चढावर ब्रेक आणि हँडब्रेकच वापरा. धक्के वाढले तर आधी बॅटरी, ब्रेक पेडलचा स्विच आणि ॲक्ट्युएटरच्या (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाची पातळी. नंतर स्कॅनरनं क्लचची झीज वाचून घ्या. प्लेट बदलल्यावर कॉम्प्युटरला नवीन क्लच शिकवावा लागतो. ते न करताच गाडी हातात दिली जात असेल, तर घेऊ नका.

कुठल्या दोषात गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये?

बॉल जॉइंटमध्ये दिसण्याइतका प्ले, टायरॉडचा नट गेलेला, स्टिअरिंग मध्येच अडकतं, चाकाचं बेअरिंग तापून धूर येतोय, किंवा गिअरबॉक्सचं तेल पूर्ण गळलंय. या पाचांत गाडी जागेवर उभी करा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी टोचन करताना पुढची चाकं उचलून घ्या. फोर बाय फोर किंवा ऑटोमॅटिक असेल तर चारही चाकं वर घेणारा ट्रक बोलवा. दोर लावून ओढायचीच वेळ आली तर चावी ऑन स्थितीत ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्यामुळे पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड लागतील, हे मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरणाऱ्याला निघण्याआधी सांगा.